फक्कीचं घर

उत्तमसिंग सायबांच्या ऑफिसात आम्ही माणसं तीन. सायब स्वतः, सरकारी ओव्हरसियरची नोकरी सोडून आलेले. जलाल मिस्त्री, ज्याला ओळंब्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा. आणि नक्शे काढणारा मी, बळीराम. यवतमाळला सायकलच्या दुकानावर एक खोली आणि एक मोठं टेबल, एवढाच आमचा पसारा. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

सायबांचं एक खूळ होतं. नक्शा कागदावर पास करायचा नाही. प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापाचं घर आखायचं आणि घरच्या माणसांनी सकाळभर त्यात राहून दाखवायचं. चूल नसताना स्वयंपाक करायचा, नसलेल्या भिंतीला वळसा घालून जायचं. "कागद खोटा बोलते," सायब म्हणत, "पाय नाई बोलत." उमरखेडचा एक व्यापारी फक्कीच्या खोलीत आडवा झाला तो चक्क घोरायला लागला. ते घर आम्ही तिथल्या तिथं पास केलं. केळापूरच्या सासूसुना तर फक्कीच्या स्वयंपाकघरात अशा जुंपल्या, की मला नक्शात दुसरी चूल टाकावी लागली. असं हसणं पुन्हा कुठल्या ऑफिसात मला मिळालं नाही.

एकसष्ट साली मी राळेगावला माझ्या मायसाठी घर काढलं. माय, तुळसाबाई. पाच वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध झालो, तेव्हा तिनं घरातले देव एका दिवसात सोडले, पण झोपडी काही सोडेना. "पसंत पडलं तं येईन," म्हणाली, "नाई तं तुयं घर तुले." माझा जीव टांगणीला लागला. गावभर लोकांना घरं काढून देणाऱ्याची माय झोपडीत, म्हणजे दिव्याखाली अंधारच की!

सायब आणि जलालभाई मुद्दाम बसनं आले. सकाळच्या उन्हात आम्ही फक्की टाकली. मायनं पदर खोचला, समोरच्या दारातून आत गेली, चुलीपाशी बसून पाहिलं, खोल्यांतून फिरली. मी तोंडाकडे बघत होतो. चेहऱ्यावर काही दिसेना.

मग ती मागच्या दारानं बाहेर गेली आणि परत आत यायला वळली. दार कसलं, फक्कीच्या दोन रेघांमधली जागा, वर उघडं आभाळ. तिथं येताच तिचा एक हात डोक्याकडे गेला, मान ताठ राहिली, गुडघे वाकले आणि ती खाली होऊन आत आली.

देशमुखाच्या गोठ्यातलं शेण तिनं तीस वर्षं वाहिलं होतं. डोक्यावर पाटी, आणि जायला-यायला वाड्याच्या परसातलं बुटकं दार.

माय हात झटकत म्हणाली, "चांगलं हाये बाप्पा. पसंत हाये मले."

जे ऐकायला मी तडफडत होतो, ते ऐकलं आणि मला रडू फुटलं.

सायब हळूच म्हणाले, "मागचं दार केवढं काढलंस, बळीराम?"

"पाच फूट."

"अन् समोरचं?"

"साडेसहा."

"काहून?"

परसदार बुटकंच असतं, म्हणून मी बुटकं काढलं होतं. वीस-पंचवीस घरांना काढलं होतं, कुणी विचारलं नव्हतं. आता मायलाही तसंच काढलं. सायब माझ्यावर ओरडले नाहीत. "माह्यंही ध्यान गेलं नाई," एवढंच म्हणाले. फक्कीत उंची दिसत नाही, हे इतक्या वर्षांत आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. जलालभाईनं न सांगता सुताराला निरोप धाडला, की दोन्ही चौकटी साडेसहाच्या.

त्या दिवसानंतर आमच्या ऑफिसातून बुटकं दार गेलं नाही. दोन-चार गिऱ्हाईकं चिडून दुसरीकडे गेली. खुशाल जावोत.

माय त्या घरात अकरा वर्षं राहिली. परसातून आत येताना रोज खाली व्हायची. मी चिडायचो, "माय, दार उंच हाये ना वं!"

"हाये ना," ती म्हणायची, आणि वाकून आत यायची.