कुकरचं झाकण

हिरालालचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. हुडको कॉलनीतल्या दोन खोल्यांत माणूस फिरून फिरून किती फिरणार!

"बसा ना बाप्पा एका जागी," सिंधुताई नवऱ्यावर खेकसली. "चक्कर येऊन राहिली मले तुमच्याकडे पाहून."

हथखोजच्या ज्या वर्कशॉपात त्यांचा अंकुर कामाला होता, तिथं एका संग्रहालयासाठी जुन्या जमान्यातल्या लढाईच्या पाणबुडीची प्रतिकृती बनवली होती. इंजिन नाही, काही नाही. आत बसून हातानं दांडा फिरवायचा नि पाण्याखालून जायचं. असली जुनी बोट म्हणे शत्रूपेक्षा आपलीच माणसं जास्त घेऊन बुडाली. आज खदानीच्या तळ्यात तिची ट्रायल होती. आत कोण? अंकुर! आणि वरचं झाकण बसवलं कुणी? बापानं. प्लांटमध्ये जन्मभर बॉयलरची झाकणं बसवली म्हणून मालकानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. बोटीत पाणी भरून पंपानं दाब दिला, थेंब गळला नाही. हिरालालनं मिशीला पीळ दिला होता. मग आता काय खुपत होतं, ते त्याचं त्यालाच उमजेना.

कुकरची वाफ गेली. सिंधुताईनं झाकण दाबून आत ढकललं नि तिरपं करून बाहेर काढलं.

हिरालाल बघतच राहिला. "अवो, हे आतून बसते!"

"मंग? आज पाह्यलं का पहिल्यांदा?"

आतून वाफ दाबते म्हणून असलं झाकण घट्ट बसतं. बॉयलरचंही तसंच. पण बोटीला तर पाणी बाहेरून दाबणार! सवयीच्या हातानं त्यानं पोराच्या डोक्यावर कुकरचं झाकण बसवलं होतं. हिरालालनं घाईघाईनं फोन लावला.

अंकुर फोन उचलेना. स्कूटर पिटाळत हिरालाल तळ्यावर पोचला, तेव्हा क्रेननं बोट काठाशी पाण्यात सोडली होती. नुसती पाठ वर दिसत होती.

"थांबव! उचल वर!"

"काका, टेस्ट तर तुम्हीच पास केली ना," मालक शामसुंदर हसला.

"चुकलं माह्यं! आतून बसवलं मी!"

कुणी हलेना. तो चपलांसकट पाण्यात घुसला, बोटीवर चढला आणि झाकणावर पाय रोवला. झाकण बोटभर आत गेलं. भोवतीचं पाणी गटगट खाली उतरलं. शामसुंदरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं हात वर केला, क्रेनचा दोर ताणला गेला.

आतून अंकुर ओरडला, "कोण चढलं बे वर? पानी आ रहा है!"

हिरालालनं पाय काढून घेतला.

"तुहा बाप हाय," म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं.