शुक्रवारची खोली

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या रोर्विग गावातल्या उन्हाळी घराचं दार सिसेलने ढकललं तेव्हा आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. फेब्रुवारीत तिकडे कुणी राहत नाही. वडील, एब्बे, नोव्हेंबरात गेले, घर विकलं गेलं, आणि सोमवारी नवे मालक इलेक्ट्रिशियनला घेऊन येणार होते. त्याआधी वडिलांनी स्वतः बसवलेली, घर तापवण्याची यंत्रणा काढून ठेवायची होती. तेवढ्यासाठीच ती आली होती. संध्याकाळच्या फेरीबोटीने परतायचं होतं.

कोट न काढताच ती स्वयंपाकघरातून, आईच्या शिवणाच्या खोलीतून फिरली. तोंडातून वाफ निघत होती. मग तिने शेवटचं दार उघडलं, तिच्या लहानपणच्या खोलीचं, आणि उंबऱ्यातच थबकली.

खोली उबदार होती. खिडकीखालचा हीटर बारीक आवाज करत होता. पलंगावर घडी घातलेली रजई, काचेवर दमट धूसरपणा, जणू कुणी नुकतंच उठून चहा करायला गेलं असावं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात टोरकिल सायकल भिंतीला टेकवून आत आला. कोपनहेगनच्या संगणक संस्थेत त्याची आणि वडिलांची खोली आयुष्यभर शेजारी-शेजारी. निवृत्तीनंतर तो इथेच गावात राहायला आला होता.

"आधी बस," तो म्हणाला. "पाव आणलाय, वर हेरिंग मासा आहे. उपाशीपोटी मी एब्बेच्या प्रोग्रामला हात लावत नाही. भरल्या पोटीसुद्धा नाइलाजानेच."

"माझ्या खोलीतला हीटर बिघडलाय, टोरकिल. सगळं घर गोठलंय आणि तो एकटाच चालू आहे."

पावाचा घास चावता चावता तो थांबला. "आज शुक्रवार ना?"

"हो."

"मग बिघडलेला नाही."

त्याने बोळकांडीतलं कपाट उघडलं. आत हीटर चालवणारा, लोण्याच्या भांड्याएवढा करडा डबा होता. त्याला आपला लॅपटॉप जोडत टोरकिल म्हणाला, "हा डबा बसवला तेव्हाच म्हातारा होता. एब्बेने मोठा प्रोग्राम लिहिला होता. तो सगळं विचारायचा: कोण येणार, कुठल्या खोलीत झोपणार, वारा किती. एवढं या डब्यात मावेना. मग त्याने आपला नेहमीचा उद्योग केला. जे आधीच ठाऊक आहे ते मोठ्या प्रोग्रामला सांगून टाकलं, तेवढं काम आधीच उरकून घेतलं, आणि उरला तो छोटा प्रोग्राम इथे बसवला. छोटा फक्त ठाऊक नसलेलंच विचारतो."

"आणि तू काय केलंस?"

"मी जन्मभर जे केलं तेच. काम कसं करायचं ते न सांगता काय पाळायचं तेवढे नियम लिहून दिले. फार सुखाचा धंदा! पहिलाच नियम होता: ज्या खोलीत कुणी येणार नाही ती तापवायची नाही."

मग तो पडद्यावर बोट ठेवून वाचू लागला. "वारा, विचारतो. बाहेरची थंडी, विचारतो. एब्बे येणार का, तेही विचारतो. तो आदल्या दिवशी फोनवरून कळवायचा. आता कुणी कळवत नाही, म्हणून बाकी घर गार. आणि तुझी खोली…" त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "इथे प्रश्नच नाही बघ. शुक्रवार आला की तापव, रविवारी दुपारी बंद कर."

"पण हे आई गेल्यानंतर बसवलंय. तोवर मी दर शुक्रवारी यायची बंद झाले होते."

"पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर आम्ही नापास केलं असतं. बदलू शकते ती गोष्ट ठरलेली धरायची नाही, हा आमचा पहिला धडा. चिडवलं मी त्याला. म्हटलं, एब्बे, माझा नियम मोडलास, रिकामी खोली तापवतोयस. तर म्हणाला, रिकामी कुठे आहे? सिसेलची आहे ती."

सिसेलला गुरुवार आठवले. दर गुरुवारी वडिलांचा फोन यायचा. ते वाऱ्याबद्दल बोलायचे, धक्क्यावर कोण भेटलं ते सांगायचे. उद्या येतेस का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ती वाट पाहायची, उत्तर तयार ठेवून. विचारलं असतं तर ती गेलीही असती. मग "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद व्हायचा. आपल्यावाचून त्यांचं काही अडत नाही, असं तिने हळूहळू गृहीत धरलं होतं. अंत्यसंस्काराच्या वेळीही चर्चच्या बाकावर बसून ती त्याच न आलेल्या प्रश्नापाशी घुटमळत राहिली होती.

"मी येणार का, तो प्रश्न यात परत घालता येईल?" तिने विचारलं.

"कशाला आता?"

"असंच."

"छोट्यात नाही येत. त्यात प्रश्नाला जागाच उरलेली नसते. मोठ्यातून नवा काढावा लागेल, आणि मोठा ज्या मशीनवर होता ते संस्थेने केव्हाच भंगारात दिलं." टोरकिलने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "काढू?"

"सोमवारी सकाळी येऊन काढशील?"

"काढीन. पण मग तू आज कशाला आलीस?"

टोरकिलने स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला. मग त्याने लॅपटॉप पिशवीत घातला आणि उरलेल्या पावाचा डबा टेबलावर तिच्याकडे सरकवला.

"घर फार गार आहे, सिसेल."

"एक खोली आहे ना."

सायकलचा आवाज वाळूच्या रस्त्यावर विरला. सिसेलने खोलीत जाऊन कोट काढला, नेहमीच्या खुंटीला टांगला. ती दोन दिवस तिथेच राहिली. एकटीच जेवली, शेल्फवरची जुनी पुस्तकं चाळली, समुद्र ऐकत झोपली. कुणाशी बोलायचं नव्हतं.

रविवारी दुपारी हीटरने टक् केलं आणि तो थांबला. त्याच्या लेखी ती निघाली होती. सिसेलने कोट अंगात घातला, पण ती उठली नाही. भिंतींमधली ऊब पार जाईपर्यंत पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिली.