बोनारियाच्या जुडग्यातला चाकू

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. हसू नका, पण मिटलो की तुमच्या करंगळीएवढाच असतो! सार्डिनिया बेटावरच्या पत्तादा गावात बाकिझिओकाकांनी मला घडवलं. मोठ्या चाकूतून उरलेलं पोलाद आणि एडक्याच्या शिंगाचं टोक, एवढ्यात माझं सगळं अंग झालं. मुठीला एक कडी बसवली आणि दुकानातल्या खिळ्याला टांगलं मला.

आमच्या गावात चाकू कसा निवडतात, माहीत आहे? हातावरचे केस भादरून! गिऱ्हाईक बाही वर करतं, पातं फिरवतं आणि केस गळले की मान डोलावतं. त्यामुळे निम्म्या गावाचे डावे हात कायम तुळतुळीत! मोठे चाकू भराभर खपायचे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

मग एक दिवस सोळा वर्षांची बोनारिया वडिलांना, गाविनोंना, घेऊन आली.

"बाबा, मला माझा चाकू हवा."

"तुला कशाला गं? मेंढ्या कातरायच्या दिवशी जेवताना मी देतोच की कापून."

"तेच तर! सगळे आपापल्या चाकूने खातात आणि मी तुमच्या लाकडी फळीवर कापलेलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

लांब चाकू तिने खिशात घालून पाहिला, तर तो बसताना टोचला. दुसरा फारच जड. मग तिची नजर माझ्याकडे वळली! घराच्या किल्ल्यांचा जुडगा तिला नुकताच मिळाला होता. त्याच्याच कडीत तिने मला अडकवलं.

"हा चाकू आहे की दात कोरायची काडी?" गाविनो म्हणाले.

बोनारियाने त्यांचीच बाही वर सारली आणि मला फिरवलं. सर्रकन!

"अरे गाविनो," बाकिझिओकाका खो खो हसले, "लग्नातसुद्धा इतका गुळगुळीत नव्हतास तू!"

वसंतात मेंढ्या कातरून झाल्या आणि सगळे जेवायला बसले. बोनारियाने मला बाहेर काढताच किल्ल्या खुळखुळल्या.

"काय गं, तुझं जेवण कुलपात ठेवलंय का?" कुणीतरी ओरडलं.

ती पण हसली. भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा कापून तिने वडिलांच्या फळीवर ठेवला. गाविनोंनी स्वतःचा चाकू मिटून खिशात टाकला आणि त्या दिवशी लेक कापेल तेच खाल्लं.

काय दिवस होते ते! मी पेअर सोलले, पेन्सिली तासल्या, गाठी कापल्या. एकदा पीच कापून तिने मला ओलाच मिटला आणि पात्यावर काळा डाग पडला. तिने राखेने घासलं, सांध्यात ऑलिव्हच्या तेलाचा थेंब सोडला आणि हळूच म्हणाली, "सॉरी हं!"

मग ती शिकायला दूर तुरीन शहराकडे निघाली. विमानतळावर सुरक्षारक्षक म्हणाला, "चाकू आत जाणार नाही. त्या डब्यात टाका."

बोनारिया पळत मागे आली. कठड्याशी गाविनो अजून उभेच होते. तिने अख्खा जुडगा त्यांच्या हातात कोंबला.

"अगं, घराची किल्ली पण? मग आत कशी येशील?"

"तुम्ही दार उघडाल ना, बाबा!"

घरी येऊन त्यांनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि कप्प्यात ठेवलं. "तिचा आहे. जपायला हवा." दर रविवारी ते फडकं सोडतात, मला बघतात, पण उघडत नाहीत. पुन्हा गुंडाळतात. इतकी माया, आणि मी आतून गंजतोय, मित्रांनो! सांधा धरलाय.

ईस्टरला ती येणार आहे. नखाने मला उघडायला बघेल. मी उघडलोच नाही तर? तिला वाटेल, बाबा आपल्याला विसरले. आणि चाकूला धार असते, वाचा नसते.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी कुणाची वस्तू अशी जपून ठेवलेली असेल, तर ती आजच बाहेर काढा. पुसा, तेल द्या आणि वापरा. झिजली तर झिजू द्या! आणि कधी पत्तादाला गेलात, तर गाविनोंना माझा एवढा निरोप द्याल? म्हणावं, आजचं चीज बोनारियाच्या चाकूने कापा.