सुधारित आवृत्ती, पान चौतीस

कंप्युटरवर विमान उडवायचं एक सॉफ्टवेअर असतं, सिम्युलेटर. त्याला वेगळी जोडायची विमानं आमच्या कंपनीत बनतात. कंपनी म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक मालक, एक प्रोग्रामर आणि मॅन्युअल लिहिणारी मी. प्रोग्रामर दर नव्या आवृत्तीत कॉकपिटमधली चार बटणं इकडची तिकडे करतो, कारण तिथे ती त्याला 'जास्त छान' वाटतात. सध्या आमच्या दोन इंजिनांच्या विमानाची चौथी आवृत्ती चालू आहे आणि मॅन्युअल पहिलीचंच. यावर मालकांचं ठरलेलं उत्तर, "अहो, मॅन्युअल वाचतं कोण?"

माझे बाबा वाचतात.

बाबांनी एकतीस वर्षं याच जातीच्या खऱ्या विमानाची दुरुस्ती केली, जमिनीवर उभं राहून. उडवलं मात्र एकदाही नाही. निवृत्तीनंतर दोन्ही डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात वाचणं बंद होईल, काय बघायचं ते बघून घ्या. दुसरा कोणी समुद्र बघायला गेला असता. बाबांनी माझ्याच कंपनीचं विमान घेतलं आणि एकशे बारा पानांचं मॅन्युअल छापून, बाइंडिंग करून आणलं. नजर आहे तोवर त्यांना ते विमान एकदा स्वतः सुरू करून उडवायचं होतं.

त्यांची हँगरमधली, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमधली, पद्धत अशी: आधी ओळीवर बोट, मग बटणावर हात, मग पेन्सिलीची खूण. पुस्तक आणि विमान जुळलं नाही, तर हात मागे घ्यायचा, काम थांबवायचं, कंपनीला लेखी कळवायचं आणि लेखी उत्तराची वाट बघायची. पान चौतीसवर, सहाव्या पायरीला ते अडले. पुस्तकात इंधनाच्या पंपाचं बटण डावीकडे होतं. आमच्या कलावंताने ते छतावर नेलं होतं.

"बाबा, वर बघा. छताला, तिसरं बटण."

"पुस्तकात आहे तसं?"

"नाहीये. पण पुस्तक मीच लिहिलंय ना! मीच सांगतेय."

"मग लिहून दे. तोंडी कामानं विमानं पडतात."

आणि त्यांनी शेजारच्या खोलीतून कंपनीला रीतसर ईमेल केला: काम थांबवले आहे, कृपया कळवावे. असे ईमेल वाचायचं कामही माझ्याच गळ्यात. मी ऑफिसातून ठरलेलं उत्तर पाठवलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे, मॅन्युअल सुधारण्याचे काम सुरू आहे. संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "काम सुरू आहे म्हणतात. बरी माणसं आहेत तुमच्याकडे."

असे चार महिने गेले. बाबांच्या हातातलं भिंग मोठं होत गेलं. शेवटी मी मालकांकडे तीन आठवडे मागितले. ते हसले. "तीन आठवडे कशाला? कव्हर बदला की! 'सुधारित, आवृत्ती चौथी'. ग्राहक खूश, तुम्ही खूश." मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण कव्हर मी दहा मिनिटांत बदललं. वर हौसेने निळा रंगही दिला.

बाबांनी त्याच दिवशी नवं पुस्तक छापून आणलं. मला वाटलं, चौतीसपर्यंत जातील आणि थांबतील. पण नवं पुस्तक आलं की आधी ते जुन्याशी ताडून बघायचं, हीसुद्धा हँगरचीच पद्धत. चार दिवस दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ते ओळ न् ओळ भिंगाखाली घालत राहिले. डॉक्टरांनी जपून वापरायला सांगितलेली नजर त्यांनी माझ्या निळ्या कव्हरपायी संपवली.

पाचव्या दिवशी ऑफिसात ईमेल आला.

'दोन्ही पुस्तके ताडली. पाने एकशे बारा. फरक शून्य. न केलेल्या कामावर केल्याची सही करणाऱ्याच्या हाती आमच्याकडे पुन्हा पाना देत नसत. तरी सदर व्यक्तीस एक संधी द्यावी. ती हुशार आहे.'

ठरलेलं उत्तर पाठवायचं बटण समोरच होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. "सर्व्हर पडला का?" प्रोग्रामरने काळजीने विचारलं. मी हो म्हटलं, तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज मालकांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले.

बाबांना आता अक्षरं दिसत नव्हती. बटणं अंधूक दिसायची. मी त्यांच्या शेजारी बसून एकेक बटण तपासून नव्याने लिहायला घेतलं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच मग."

मी वाचायची, ते बटण दाबायचे, खूण मी करायची. सहाव्या दिवशी दुपारी पान चौतीस पार पडलं. एकेचाळीसवर आधी डावं इंजिन घरघरलं, मग उजवं. बाबा खुर्चीत ताठ बसले. एकतीस वर्षं बाहेर उभं राहून ऐकलेला आवाज ते पहिल्यांदा आत बसून ऐकत होते.

"पुढे?"

"पुढचं पान अजून लिहायचंय, बाबा."

मला वाटलं, आता हात मागे घेतील, काम थांबवतील, कंपनीला कळवतील. त्यांनी हात हलवला नाही.

"लिही सावकाश," ते म्हणाले. "मी इंजिन चालू ठेवतो."