वरची ओळ

मी खोटं बोललो ते चष्मेवाल्यामुळे. दोष माझाच, पण त्या दिवशी तो हसला नसता तर मी तोंड उघडलं नसतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात दाराजवळच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं बसतोय. पेशंटचं नाव, वेळ, डावा डोळा की उजवा, सगळं एका लांबट वहीत. म्हणून मला तिथे सगळे वहीवाले म्हणतात. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं की यापुढे पेशंट घरबसल्या वेबसाइटवर वेळ घेतील आणि वही बंद होईल. "बाहेरून कुणी जाणकार आणावा लागेल," त्या म्हणाल्या, "मग हे टेबलही तोच बघेल." कोपऱ्यात काच घासत बसलेला चष्मेवाला हसला आणि म्हणाला, "चला, वहीबरोबर वहीवालेही रद्दीत!" माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाहेरचा कशाला? मला येतं ते. माझं मी शिकलोय."

कॉम्प्युटरवर मला फक्त पत्ते खेळता येत होते.

बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. तिथे नीट जम बसला की सूनही जाणार होती. तोवर घरात आम्ही दोघंच. सून घरी बसून एका कंपनीचं काम करायची, आणि ते काम नेमकं हेच होतं. म्हणजे विहीर अंगणात होती, पण पाणी मागायला तोंड उघडायला हवं होतं. दोन दिवस मी शब्द गिळत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत असताना जवळ जाऊन म्हणालो, "ते पीएचपी म्हणतात ते फार अवघड असतं का गं?"

"कुणाला शिकायचंय?"

"आहे एक माणूस."

"त्या माणसाला म्हणावं संध्याकाळी सात वाजता टेबलाशी बसा," ती म्हणाली आणि माझाच शर्ट झटकून दोरीवर टाकला.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, हॉटेलात जेवायला गेलं की आपल्याला काय दिसतं? ताट. आत काय शिजलं, काय करपलं, ते दिसतं का? पीएचपीचं काम आतलं. लांब कुठेतरी एक कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो, त्याला सर्व्हर म्हणायचं. आपली फाइल तिथे असते. तो ती वाचतो, आतलं काम आत उरकतो आणि तयार पान तेवढं पेशंटकडे पाठवतो." हे मला पटलं. मग तिनं एक ओळ लिहायला लावली आणि पडद्यावर 'नमस्कार' उमटलं. मला इतका आनंद झाला की मीही त्याला उलट नमस्कार केला. ती हसली. त्या दिवशी सगळं चांगलं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन चिडलं. पाचव्या ओळीत चूक आहे म्हणायला लागलं. मी पाचवी ओळ दहा वेळा वाचली, तीत काही नव्हतं.

"वरची ओळ बघा," ती म्हणाली. "चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय. इथे वाक्य संपलं की तो द्यावाच लागतो. नाही दिला तर मशीन पुढच्या ओळीत जाऊन ठेचकाळतं. ओरडतं तिथे, पण चूक वर असते."

हे तिनं मला त्या आठवड्यात अकरा वेळा सांगितलं. आवाज चढवला नाही, पण शाबासकीही दिली नाही. "वाचा. मशीन काय म्हणतंय ते आधी वाचा," एवढंच. माझ्या फायलीत ती हात घालायची नाही. "चूक दिसली तर मी तिच्याखाली चिठ्ठी लिहून ठेवीन, तारीख घालून. दुरुस्त तुम्हीच करायचं," असा तिचा नियम होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, त्याच्या वहीला कधी खाडाखोड लागली नाही, आणि त्याच्या प्रत्येक पानाखाली सुनेच्या चिठ्ठ्या! तोंडावर 'हो हो' म्हणायचो आणि आतून जळायचो. पुढे पुढे तिच्या चिठ्ठ्या दिसल्या की मी न वाचताच खाली सरकायला लागलो.

आता खरी गोष्ट सांगतो. सांगताना अजूनही कान गरम होतात.

फायलीत आपल्यासाठी टिपणं लिहून ठेवायची सोय असते. त्याच्या खुणा दोन तऱ्हेच्या. पीएचपीच्या भागात दोन तिरप्या रेघा ओढायच्या, त्यापुढचं मशीन वाचतच नाही. पानाच्या बाकीच्या भागात वेगळी खूण, तीत एक उद्गारचिन्ह आणि आडव्या रेघा. दोन्हींमध्ये लिहिलेलं पानावर दिसत नाही. दोन्हींत फरक काय, ते तिनं सांगितलं असणार. मी तेव्हा मान डोलावत होतो. माझ्या लेखी हिशेब सोपा होता, दिसत नाही म्हणजे नाही; सूनही कामाच्या ओळी तपासते, टिपणं कशाला वाचेल?

सुरुवातीला मी शहाण्यासारखं लिहायचो. 'इथे पेशंटचं नाव येतं.' 'वेळ आधीच कुणी घेतली असेल तर दुसरी निवडायला सांगायची.' मग एका संध्याकाळी, तिनं तेच चौथ्यांदा समजावल्यावर, मी लिहिलं, 'सूनबाई मला बालवाडीत बसवते.' लिहिलं आणि बरं वाटलं. ढेकर दिल्यावर वाटतं तसं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'मोठ्यांशी कसं बोलावं हे माहेरी शिकवलेलं दिसत नाही.' आणि मग, ज्या दिवशी वेळ घ्यायचा फॉर्म तीनदा कोसळला त्या दिवशी, 'माझ्या मुलानं हिच्यात काय पाहिलं देव जाणे. हिची सासू असती तर हिला चार दिवसांत सरळ केलं असतं.'

माझ्या बायकोनं कधी कुणाला सरळ केलं नाही. तिला ही सून फार आवडली असती. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी ते घातलं.

महिन्याच्या एक तारखेला दवाखान्याचं पान सुरू झालं. पहिल्या दिवशी नऊ जणांनी घरून वेळ घेतली. डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहीवाले, कमाल केलीत! खरंच एकट्यानं शिकलात?" मी म्हणालो, "एकट्यानंच. मन लावलं की येतं." चष्मेवाल्यानं हात जोडले. मी ते स्वीकारले.

पाच आणि सहा तारखेला शिकवणी झाली नाही. सुनेचं डोकं दुखत होतं, ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. ताट तसंच झाकून ठेवलेलं असायचं. सात तारखेला ती पुन्हा टेबलाशी बसली आणि म्हणाली, "कुठवर आलो होतो आपण?"

बारा तारखेला माझा वाढदिवस. तिनं केक आणला होता, मुलगा फोनवर होता. केक कापून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात मी जाणार. तिकडे दोन खोल्यांचं घर मिळालंय. तुम्हीही चला. इथे एकटे काय करणार? दवाखान्याचं काम तिथूनही बघता येईल, आता तर तुम्हाला येतंच." मुलगा फोनवरून म्हणाला, "बाबा, हे तिचंच म्हणणं आहे हं, मी काही बोललो नव्हतो." मी भाव खाल्ला. "बघू," म्हणालो. पण त्या रात्री अंथरुणावर पडून मी त्या दोन खोल्यांतली माझी खाट कुठे मांडायची ते ठरवत होतो. रिकाम्या घरात म्हातारं व्हायची मला भीती वाटत होती, हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नव्हतो.

वीस तारखेच्या संध्याकाळी ती म्हणाली, "आज नवीन काही लिहायचं नाही. फक्त बघायचं." तिनं बसच्या वेळापत्रकाचं पान उघडलं, माउसचं उजवं बटण दाबलं आणि एक आज्ञा निवडली. पडद्यावर अक्षरांचा डोंगर उभा राहिला. "सर्व्हरनं जे जे बाहेर पाठवलं ते हे असं कुणालाही बघता येतं. पानावर दिसत नाही तेही. तिरप्या रेघांच्या मागचं मात्र इथे नसतं, ते आतच राहतं. हा फरक लक्षात ठेवा."

"मग बसचं कशाला? आपल्या दवाखान्याचंच पान दाखव की."

तिनं बसचं पान मिटलं. "आपलं नको," ती म्हणाली. "ते तुम्ही तुमचं बघा."

मला तेव्हाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पेशंट यायच्या आधी, केवळ हौस म्हणून, मी आमच्या पानावर उजवं बटण दाबलं.

तिथे सगळं होतं. बालवाडी होती. माहेर होतं. बायकोच्या नावानं लिहिलेलं ते होतं. वीस दिवस, वेळ घ्यायला आलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी ताटाबरोबर हेही गेलं होतं. मागून चष्मेवाला म्हणाला, "काय वहीवाले, भूत पाहिलंत?" मी दोन्ही हातांनी पडदा झाकला. एवढ्या मोठ्या पडद्यावर दोन हात किती पुरणार! त्यालाच हसू आलं आणि तो काचा घासायला गेला.

माझ्या मनात एकच होतं. तिच्या नजरेला पडण्याआधी ओळी काढायच्या. तिला कळलं तर त्या घरात माझी खाट कशाला मांडेल ती? आणि नाही मांडली तर तिला कुठल्या तोंडानं बोल लावायचा? मी फाइल उघडली, ओळी शोधल्या. शेवटच्या ओळीखाली, दोन तिरप्या रेघांच्या मागे, तिची चिठ्ठी होती. मी न वाचता सोडून दिलेल्यांपैकीच एक.

'बाबा, वरची ओळ बाहेरच्यांना दिसते. आत घ्या. ता. ४.'

एवढंच. मी दुसरं काहीतरी शोधत खालीवर गेलो. एखादा टोमणा, एखादं उद्गारचिन्ह. नव्हतं. अर्धविराम राहिला तर जशी लिहायची तशीच लिहिलेली. मग माझी नजर तारखेवर गेली. चार. पाच आणि सहाला तिचं डोकं दुखत होतं. सातला ती टेबलाशी येऊन बसली होती. आणि बाराला तिनं मला 'तुम्हीही चला' म्हटलं होतं. हे वाचून झाल्यावर, आठ दिवसांनी. आणि मी म्हणालो होतो, बघू.

मी तिन्ही ओळी पुसल्या. मग उठलो आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं की मी एकटा शिकलो नाही, मला माझ्या सुनेनं शिकवलं, आणि शिकवताना मी तिला फार त्रास दिला. त्या म्हणाल्या, "अहो, मग इतके का घाबरलात? चांगलंच आहे की." त्यांना अर्धीच गोष्ट माहीत होती.

संध्याकाळी ती ताटं पुसत होती. मी बराच वेळ दारात उभा राहिलो.

"वरची ओळ काढली," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "काढायलाच हवी असं नव्हतं. आत घेतली असती तरी चाललं असतं. बाहेर दिसली नसती."

"आतसुद्धा नको होती."

ती एकच ताट पुन्हा पुसत राहिली. मग म्हणाली, "बाकीचं मी सोडून दिलं असतं, बाबा. पण सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलंय. त्या मला कशा वागवतील याचा मी खूप विचार करायचे. ते वाचल्यावर दोन दिवस घास उतरला नाही."

"ती असं कधीच बोलली नसती," मी म्हणालो. "ते मीच लिहिलं. तुला शिकवता येतं आणि मला येत नाही, एवढ्यासाठी लिहिलं. मला माफ कर." सुनेपुढे हात जोडायचे की नाही ते मला समजेना, ते आपोआप जोडले गेले.

"हात खाली करा आधी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि येणार की नाही ते नीट सांगा. सामानाची गाडी ठरवायचीय मला."

"येतो," मी म्हणालो. वर बघून म्हणायला हवं होतं, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेल्या गेल्या मी आणखी एक फाइल उघडली. तीत सहा तारखेची माझी एक ओळ होती. 'दोन दिवस शिकवणी बंद. डोकं दुखतंय म्हणे. नखरे.' ही दोन तिरप्या रेघांच्या मागे होती, बाहेर कुठेही दिसत नव्हती. मी ती पुसली. पण माझ्या फायली ती दर रविवारी टिपणांसकट वाचते हे आता मला माहीत आहे, आणि सहा तारखेनंतर दोन रविवार होऊन गेलेत. तिच्याखाली चिठ्ठी नव्हती. वाचलीस का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.