देण्याघेण्यातला खण

घडी मोडायच्या आधी माझं थोडं ऐकून घ्या. मी खण बोलतोय. वांगी रंगाचा, बारीक जरीकाठाचा, ओटीतला खण. तुमच्याही कपाटात माझी पाच-सात भावंडं असतीलच, डांबराच्या गोळ्यांशेजारी एकावर एक रचलेली. त्यांच्याशी कधी कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो.

मागावरचं मला फार आठवत नाही. आठवतं ते नगरच्या कापड बाजारातलं दुकान. दुकानदारानं मला फडकन उलगडलं आणि म्हणाला, "हात लावून बघा ताई. शिवलात तर दहा वर्षं रंग हलणार नाही."

शिवलात तर! त्या दोन शब्दांवर मी भाळलो. मला वाटलं, आता आपण कुणाच्या तरी अंगाला लागणार, लग्नकार्यात मिरवणार, उन्हात वाळणार.

समोर सावेडीच्या सुरेखाताई उभ्या होत्या. त्यांनी मला दोन बोटांत चोळून पाहिलं. "अंगावर घालायला नकोत हो," त्या म्हणाल्या. "देण्याघेण्यातले दाखवा. डझनभर."

तिथेच माझी जात ठरली.

सुरेखाताईंना मी नावं ठेवणार नाही. बाई फार सरळ मनाची. मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा. आंबट सोडलेलं, चातुर्मासात वांगं सोडलेलं. घरात काही अडलं की त्या काहीतरी सोडत. नवरा रंगनाथराव एमआयडीसीत कामाला. ते हसून म्हणत, "एक दिवस मलाही सोडशील नवसाला." एकुलती एक मुलगी दीपा, बी.कॉम. झालेली, घरात मैनेसारखी बोलणारी आणि दाराची बेल वाजली की न्हाणीघरात जाऊन कडी लावणारी.

त्या वर्षीच्या संक्रांतीला घरात हळदीकुंकू होतं. वीसेक बायका जमल्या होत्या. सुरेखाताई म्हणाल्या, "दीपा, तू कुंकू लाव, मी ओटी भरते." मी ताटात सगळ्यात वर होतो, म्हणून मला सगळं दिसलं. पोरीचा हात पहिल्याच कपाळापाशी थरथरायला लागला. एक बाई सहज बोलल्या, "अगं, हिला थंडी वाजतेय की काय? इथं तर पंखा लावायची वेळ आलीय!" सगळ्याजणी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण दीपाच्या हातातला करंडा कलंडला, निम्मं कुंकू पाहुणीच्या पैठणीवर सांडलं आणि चिमूटभर माझ्या कोपऱ्यावर.

शेवटची बाई तीळगूळ घेऊन जाईपर्यंत न्हाणीघरातला नळ चालू होता.

मी त्या पैठणीवाल्या बाईंच्या ओटीत गेलो. त्यांनी घरी जाऊन डाग पाहिला, माझी घडी उलटी घातली, डाग आत गेला आणि मी पुन्हा नवाकोरा झालो. माणसांना डाग पुसण्यापेक्षा घडी बदलणं सोपं जातं, हे मी तेव्हा शिकलो.

मग मी फिरलो. संगमनेरला एका बारशात गेलो, तिथून राजूरला डोहाळजेवणाला. प्रत्येक घरात मला दोन्ही हातांनी दिलं, पदर पसरून घेतलं, डोळ्यांना लावलं. आणि पाहुणी वळली की, "पातळ आहे गं, ठेव देण्याघेण्याला." पहिल्या दोन वेळा मला फार लागलं. नंतर मी आशा करणंच सोडून दिलं.

पण एक गोष्ट माझ्याही आधी पोचत होती. संगमनेरला कुणीतरी म्हणालं, "ती नाही का सावेडीची, हात कापतो ती?" राजूरला तीच गोष्ट मोठी होऊन बसली होती. "बाहेरचं हाय म्हनं तिला. माणसं दिसली की पळती." दीपालाही बायका अशाच एका हातातून दुसऱ्या हातात देत होत्या, वर थोडं हळदीकुंकू वाहून.

दोन वर्षांनी फिरत फिरत मी एका उद्यापनाच्या ओटीतून पुन्हा सुरेखाताईंकडेच आलो. त्यांनी मला ओळखलं नाही. त्याच कपाटात, त्याच गठ्ठ्यात ठेवलं.

पुढच्या दोन वर्षांत घरात बरंच घडलं. कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे मला कळलं. दीपानं नोकरीच्या दोन मुलाखती दारातूनच परत येऊन सोडल्या. एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आई, माझ्यासाठी तू किती उपास केलेस ते मी मोजलेत. आता एकदा मला डॉक्टरकडं ने."

दिल्ली गेटच्या बाजूला मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि काय सांगितलं ते मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकलं, "हा लाजाळूपणा नाही आणि बाहेरचं तर अजिबात नाही. चार माणसांत आपण हसू होऊ, या भीतीचा हा आजार आहे. पुष्कळांना असतो. रोज एक गोळी घ्यायची, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही. आणि सराव करायचा, पायरी पायरीनं." त्यांनी एक वही दिली. डाव्या बाजूला लिहायचं, भीती काय म्हणाली. उजव्या बाजूला, खरं काय झालं.

घरी आल्यावर सुरेखाताईंनी लेकीला देवीपुढं बसवलं. "बाहेर कुणाला कळता कामा नये. उद्या स्थळं यायचीत. घे देवीची शपथ." दीपानं शपथ घेतली. गोळ्या पोह्यांच्या डब्यात लपवल्या गेल्या. रोज सकाळी त्यातली एक देवीच्या पायाशी फुलाबरोबर ठेवून मग लेकीला मिळायची. माझे डोळे असते तर भरून आले असते.

आणि गुण येत गेला. वहीतल्या पायऱ्या दीपा मोठ्यानं वाचायची. पहिली, वाण्याला सुटे पैसे मागणे. दुसरी, भाजीवालीला भाव विचारणे. तिसरी, गॅसच्या दुकानात फोन करणे. उजव्या बाजूला तिचं वाक्य यायचं, "कुणी हसलं नाही. भाजीवाली तर किती प्रेमानं बोलली!"

सातवी पायरी होती, शिंप्याकडे एकटीनं जाणे. मापाचा जुना ब्लाउज न्यायचा नाही, माप द्यायचं, गळा तोंडानं सांगायचा.

त्या दिवशी ती कपाट उघडून गठ्ठा चाळत होती. मी हाताला लागलो. घडी उलगडली आणि तिला कोपऱ्यावरचा लाल डाग दिसला.

"आई, हा आपलाच!" ती ओरडली. "त्या संक्रांतीचा! हा परत आला!"

"बाई गं!" सुरेखाताई कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "म्हणजे जगभर फिरून सगळ्यांनी देण्याघेण्यातच ठेवला की हा! ठेव, परवाच्या ओटीत देऊन टाकू."

"नाही. हा मी शिवणार."

चार वर्षांत कुणी माझ्याबद्दल 'शिवणार' म्हटलं नव्हतं.

गल्लीतल्या छबूबाईंकडे आम्ही गेलो. दीपाच्या तळहाताचा घाम मला लागत होता. पण दुकानात दुसरं कुणी नव्हतं. छबूबाईंनी मशीन थांबवली, हळूच माप घेतलं, एकही चौकशी केली नाही. दीपा म्हणाली, "मागचा गळा… मटका." छबूबाई म्हणाल्या, "लई छान दिसंल." झालं! रस्त्यानं ती जवळजवळ पळतच घरी गेली असणार. मी मात्र पाठीवर खडूच्या रेघा घेऊन कातरीची वाट बघत राहिलो. इतका सुखी मी कधीच नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दीपा बटणांचं विचारायला आली. आता तिला पायरी लागत नव्हती, ती आपली आपण आली होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. छबूबाईंनी तिला पाहिलं आणि माया दाटून आली त्यांना.

"ये बाय, बस. घाबरू नको हां. तुजी आई सांगून गेल्ती ना मला आदल्या दिवशी. पोरीला मान्सांची भीती वाटायचा आजार हाय, डागदरची गोळी चालू हाय, येईल तवा जास्त इचारू नका. म्हनून तर मी त्या दिवशी समद्यांना भाईर बसवलं हुतं."

बाकावरच्या दोघींनी मान वळवून पाहिलं.

दीपा बसली नाही. म्हणाली, "मावशी, खण कापलात?"

"न्हाई अजून. आज कापनार…"

"द्या परत."

घरी तिनं मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मी मध्ये, त्या दोघी दोन बाजूंना. आवाज कुणाचाच चढला नाही, हेच जास्त भयंकर होतं.

"छबूमावशीला का सांगितलंस?"

"अगं, तुला सोपं जावं म्हणून…"

"भाजीवालीला?"

सुरेखाताईंनी मान खाली घातली.

"वाण्याला? गॅसवाल्याला?"

पंख्याच्या वाऱ्यानं माझं टोक हलत होतं.

"म्हणजे एकही पायरी मी चढलेच नाही," दीपा म्हणाली. "प्रत्येक ठिकाणी तू आधी जाऊन आली होतीस. मला देवीची शपथ घातलीस आणि स्वतः गावभर वाटून आलीस मला. या खणासारखी."

तिनं वही आणली आणि उजव्या बाजूच्या सगळ्या वाक्यांवर काट मारली. सातच्या सात.

माझ्याही मनात कडू आलं. शिवीन म्हणाली ती, आणि पुन्हा न शिवता मी कपाटात. पण त्या पोरीच्या फसवणुकीपुढं माझी ती काय! मला परक्यांनी फिरवलं होतं. तिला तर तिच्या हक्काच्या माणसानं, प्रेमानं, नमस्कार करत करत.

दोन दिवस तिनं गोळी घेतली नाही. देवीपुढं दोन गोळ्या आणि दोन सुकलेली फुलं साठली. तिसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरबाईंना फोन लावला. आपण होऊन, कुणी न सांगता. स्पीकर चालू होता.

"गोळी आजपासून सुरू कर," बाई म्हणाल्या. "आणि ऐक, आईचं चुकलं. तिलाही बोलावते मी. पण एक सांग, हा फोन लावायच्या आधी मला कुणी येऊन सांगितलं होतं का?"

दीपानं एक गोळी उचलली, पाण्याबरोबर घेतली.

त्या शुक्रवारी सुरेखाताई देवीपुढं बसल्या आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज फुटलेला ऐकू आला. "आंबट सोडलं, वांगं सोडलं. आता दीपाबद्दल बाहेर बोलणं सोडते. चांगलंही नाही, वाईटही नाही. जन्मभर." मग लेकीकडं वळून म्हणाल्या, "हे व्रत मला सगळ्यात जड जाणार बघ."

"बघू," दीपा म्हणाली. एवढंच. तिनं आईला माफ केलं का? मला तरी तसं वाटलं नाही. कुंकवाचा डाग पाण्यानं जात नाही, तेव्हा हा कुठला जायला.

आज सकाळी तिनं मला पर्समध्ये घातलं. दारात सुरेखाताई उभ्या होत्या. 'कुठं' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पर्सच्या फटीतून पाहिला. त्यांनी तो गिळला आणि तुळशीला पाणी घालायला वळल्या. दीपानंही सांगितलं नाही. रिक्षावाल्याला तिनं "कापड बाजार" दोनदा सांगितलं, पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नाही.

ज्या बाजारात मी विकला गेलो, त्याच बाजारात एका बोळात राधाकृष्ण नावाचे लेडीज टेलर बसतात. तीन मशीनींची घरघर, बाकावर पाच बायका. इथं कुणी आधी येऊन गेलेलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं टेप लावून भराभर माप घेतलं.

"मागचा गळा?" राधाकृष्ण मान वर न करता म्हणाले.

"म… मटका."

"काय? मोठ्यानं बोला ताई, मशीन चालू आहे!"

तिचा हात थरथरायला लागला. मी त्या हातात होतो, मला ती थरथर ओळखीची होती.

"मटका!" दीपा ओरडली. नेमक्या त्याच क्षणी मशीन थांबली.

बाकावरची एक आजी म्हणाली, "अगं बया, आकडा लावायला आलीस व्हय?" सगळं दुकान हसलं. त्या संक्रांतीला हसलं होतं तसंच.

मी डोळे मिटून घेतले, नसलेले. आता ही पळणार. तिचे पाय दाराकडं वळलेही होते.

"आकडा नाही आजी," ती म्हणाली, आवाज कापतच होता. "गळा. पाठीला."

आजी पदर तोंडाला लावून पुन्हा हसल्या, आणि या वेळी दीपाही थोडीशी.

राधाकृष्णांनी मला टेबलावर पसरलं. जुन्या खडूच्या रेघा झटकल्या, नव्या मारल्या. "इथं कुंकवाचा डाग आहे. टाळून कापू?"

"नको. राहू द्या."

त्यांनी वही काढली. "नाव?"

"दीपा."

"कुणी पाठवलं तुम्हाला इथं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "मीच आले."

बायांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कपाटातले खण द्या-घ्या, त्यात काही पाप नाही. पण कुणाचं दुखणं तुमच्या ओटीत आलं, तर ते पुढच्या घरी देऊ नका. मायेनंही नको. तुमच्या लेकीबाळींना त्यांच्या पायऱ्या मोकळ्या ठेवा.

कातर आली. तिचं थंड टोक माझ्या कडेला लागलंय. खण म्हणून हे माझं शेवटचं बोलणं. आता मोडा घडी.