समोरच्या फ्रीजमधली बाटली

"मांजराला डायबेटीस?" असं म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्यांनी हसून घेतलं. हसेनात का. ठकी घटाघटा पाणी पीत होती, तरी वाळत चालली होती, आणि चालताना तिचे मागचे पाय लटपटत होते. घरात मला दुसरं आहे कोण? जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दूधभात बंद, नुसती उकडलेली मासळी, आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. बाटली मात्र फ्रीजमध्ये ठेवायची.

माझ्याकडे फ्रीज कुठला? माठ. फ्रीज होता समोरच्या अनुपमाकडे. इतकी वर्षं दारासमोर दार, पण आमचं बोलणं जिन्यातल्या "पाणी आलं का?"च्या पुढे कधी गेलं नव्हतं. माझाच स्वभाव तसा, कारणाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. ठकीसाठी नाक मुठीत धरून गेले.

"ठेवा की काकू, त्यात काय!" अनुपमा म्हणाली. फ्रीजच्या दारात तिच्या सासूची, जानकीबाईंची, इन्सुलिनची बाटली होतीच. शेजारी माझ्या मांजराची बसली.

साखर तपासायला जानकीबाईंनीच मला शिकवलं. लघवीचे थेंब निळ्या औषधात घालायचे आणि काचेच्या नळीत उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की वाट लागली. बशी घेऊन मी ठकीच्या मागे घरभर रांगायचे. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू आजारी मीच आहे.

बाटली न्यायला गेले की जानकीबाई विचारायच्या, "तुझ्या भवानीचा आज काय रंग?"

"नारिंगी. तुमचा?"

"पिवळा. बस गं. अनुपमा, वनमालाला चहा टाक, चांगली साखर घालून. मी नुसता वास घेते."

लघवीच्या रंगावर इतक्या गप्पा होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं. इंजेक्शन देऊन बाटली परत ठेवायला गेले की पुन्हा बसणं व्हायचं. संध्याकाळी तेच.

थंडी सरता सरता ठकी भरली, माळ्यावर उड्या मारायला लागली. नळीतला रंग निळा यायला लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन कमी करत करत बंदच केलं. "मांजरांत कधी कधी होतं असं," ते म्हणाले. "पण तपासत राहा, साखर पुन्हा चढू शकते." येताना रिक्षात मी पिशवीतल्या ठकीचा मुका घेतला.

"मेली सुटली, मी आहे इथेच!" जानकीबाई म्हणाल्या. अनुपमाने बाटली माझ्या हातात दिली. "चला काकू, तुमच्या चकरा वाचल्या."

थोडे दिवस बरं गेलं. मग एका संध्याकाळी मी समोरची बेल दाबली. अनुपमा कणकेच्या हातांनी दारात आली.

"काही हवं होतं का, काकू?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आत बातम्या मोठ्याने लागल्या होत्या, जानकीबाईंची पाठ दिसत होती.

"विरजणाला थोडं दही," मी म्हणाले.

दही घेऊन घरी आले. घरात माझं दही होतंच. वाटी ओट्यावर ठेवली आणि रडले. नवरा गेल्यावर एकटीने राहायला मी शिकले होते, चांगलं जमत होतं. आता काही केल्या जमेना.

आज सकाळी ठकीची लघवी बशीत मिळाली. स्टोव्ह पेटवला आणि नळी धरली. औषध उकळलं, निळंच राहिलं. ठकी ओट्याखाली मांदेली चावत होती, चांगली गुबगुबीत. मी नळी खिडकीपाशी नेली, कुठे हिरवी झाक दिसते का बघितलं. नव्हती. मग ती परत स्टोव्हवर धरली आणि आणखी थोडा वेळ उकळली.